दाराशी आलेली गाडी



दशलक्षण पर्व महिन्यावर आलं की आमच्या महिला मंडळात एकच विषय असतो, यंदाचं दान कुठे द्यायचं. परवाच्या बैठकीत जवळजवळ ठरलंच होतं. गावाबाहेर दिव्यांग मुलांची निवासी शाळा आहे, तिथे एक दिवसाचं जेवण द्यायचं. गोडाधोडासह खर्च १२,००० रुपये. तेवढ्यात एक जण हळूच म्हणाली, "आमच्या भांडीवाल्या मावशींची नात ११ वर्षांची आहे. पायात बळ नाही. शाळेनं पटावर नाव घातलंय, पण तिला रोज नेणार कोण? रिक्षावाला महिन्याला २,५०० मागतो. तिचं काही करता येईल का?"

क्षणभर कुणी बोललं नाही. मग दुसरी म्हणाली, "अगं, एका मुलीसाठी वर्षाचे २५,०००? तेवढ्यात सगळ्या शाळेला दोनदा जेवण होतं." हिशेब बिनचूक होता. मी बी.कॉम. झालेली, मंडळाची वही माझ्याकडे, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली आणि गप्प बसले.

घरी आल्यावर झोप लागेना. कारण हाच हिशेब सव्वाशे वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्या काही बायकांनी मांडला होता आणि त्यांचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं आलं होतं. ती गोष्ट मला माहीत होती आणि तरीही मी मान डोलावली. म्हणून आज ती तुम्हाला सांगते.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी काही महिने लंडनला होते. बाळ झोपलं की ती म्हणायची, "आई, जरा फिरून ये." एकदा ब्रिटिश म्युझियमपासून चालत टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या बागेत गेले. तिथे गांधीजींचा मांडी घालून बसलेला पुतळा आहे, १९६८ साली बसवलेला. परक्या गावात आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. तिथून जवळच, टॅव्हिस्टॉक प्लेस नावाच्या रस्त्यावर एक जुनी, वेगळीच दिसणारी इमारत आहे. तिचं नाव मेरी वॉर्ड हाऊस. कोण ही मेरी वॉर्ड, म्हणून लेकीला विचारलं. तिनं ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणून दिली. बाळाला मांडीवर घेऊन ती मी वाचली.

मेरी वॉर्ड ही कादंबरीकार. जन्म १८५१चा. १८८८ साली तिची एक कादंबरी खूप गाजली आणि खपली. पुस्तकांवर ती नवऱ्याच्या नावाने, 'मिसेस हंफ्री वॉर्ड' असं लिहायची. नाव आणि पैसा दोन्ही मिळाल्यावर तिनं लंडनच्या या भागात 'सेटलमेंट' उभारायचं मनावर घेतलं. सेटलमेंट म्हणजे शिकल्या-सवरल्या लोकांनी गरीब वस्तीजवळ येऊन राहायचं आणि तिथल्या लोकांसाठी वर्ग, वाचनालय, मुलांचे खेळ असं काही चालवायचं. इमारतीला पैसे दिले पासमोर एडवर्ड्स नावाच्या वृत्तपत्रमालकानं. १८९७ साली ती तयार झाली.

शनिवारी सकाळी तिथे वस्तीतली मुलं खेळायला येऊ लागली. पण जी मुलं चालूच शकत नाहीत ती येणार कशी? ती कुठे आहेत, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हाची परिस्थिती थोडी सांगायला हवी. इंग्लंडमध्ये १८८० पासून मुलांना शाळा सक्तीची झाली होती आणि १८९१ पासून बहुतेक शाळांची फी गेली होती. आंधळ्या आणि बहिऱ्या मुलांसाठी १८९३ साली कायदा झाला. पण पाय किंवा पाठ अधू असलेल्या मुलांचं काय, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. अशी मुलं थोडीथोडकी नव्हती. हाडांचा आणि सांध्यांचा क्षय हे त्याचं एक मोठं कारण होतं. खुबा किंवा पाठीचा कणा पोखरला जायचा आणि मूल महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पडून राहायचं. त्यातला बराचसा क्षय आजारी गाईंच्या न उकळलेल्या दुधातून येत होता. आपल्याकडे दूध आल्या आल्या तापवायची सवय किती मोलाची आहे, हे मला ते वाचताना कळलं. दुसरा आजार मुडदूस, म्हणजे ऊन आणि चांगला आहार यांच्या अभावी वाकलेली हाडं.

ही मुलं एक-दोन खोल्यांच्या घरात, बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर असायची. बाप कामाला, आई धुण्याला किंवा शिवणाला. मूल दिवसभर खिडकीशी.

त्या घरांचे जिने सगळ्यात आधी चढल्या त्या स्वयंसेविका. १८८८ साली ॲलन डाऊडस्वेल ग्रॅहम नावाच्या एका धर्मोपदेशकानं आजारी आणि अपंग मुलांसाठी 'इनव्हॅलिड चिल्ड्रन्स एड असोसिएशन' ही संस्था काढली होती. तिची कामाची पद्धत मला फार आवडली. पैसे गोळा करून वाटायचे एवढंच ते काम नव्हतं. एकेका मुलामागे एक स्वयंसेविका नेमलेली असायची. तिनं त्या घरी नियमित जायचं, मुलाला रुग्णालयात न्यायचं, खास बूट आणि पट्टे मिळवून द्यायचे, झोपून फिरता येईल अशी चाकांची गाडी उसनी आणून द्यायची, जमलं तर हवापालटासाठी समुद्रकाठी पाठवायचं. म्हणजे दात्याचं नाव वहीत नाही, तर मुलाचं नाव दात्याच्या डोक्यात.

मेरी वॉर्डनं आणि तिच्या सोबतिणींनी रुग्णालयांकडून आणि या संस्थेकडून माहिती मिळवून आसपासच्या मुलांच्या याद्या केल्या आणि त्या घेऊन ती लंडनच्या शाळामंडळाकडे गेली. तिचं म्हणणं होतं, ही मुलं बुद्धीनं अधू नाहीत. ती शाळेत येत नाहीत याचं कारण एवढंच, की त्यांना कुणी आणत नाही.

मग जो करार झाला, तो वाचून माझ्यातली बी.कॉम. जागी झाली. खर्चाची वाटणी अगदी स्पष्ट होती. शिक्षिका आणि वर्गाचं सामान शाळामंडळानं द्यायचं. खोल्या, परिचारिका, दुपारचं जेवण आणि मुलांना घरून आणून परत पोचवणारी घोड्याची गाडी सेटलमेंटनं, म्हणजे देणगीदार आणि स्वयंसेवकांनी बघायची. फेब्रुवारी १८९९ मध्ये शाळा सुरू झाली. चालता न येणाऱ्या मुलांसाठी दिवसाची शाळा असावी, असा हा इंग्लंडमधला अगदी सुरुवातीचा प्रयोग.

आता आपल्या स्वाध्यायातली चार दानं आठवा. आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान. या शाळेत जेवण होतं, ते आहारदान. परिचारिका होती, ते औषधदान. शिक्षिका होती, ते ज्ञानदान. मला बरेच दिवस प्रश्न पडला होता, गाडी कशात धरायची? मग वाटलं, तेच अभयदान. कारण आया घाबरत होत्या. पोर पडेल, कुणी धक्का देईल, दुखणं वाढेल, बाकीची मुलं हसतील. दारात गाडी आली, त्यात उचलायला माणूस आणि सांभाळायला परिचारिका आहे हे दिसलं, तेव्हा ती भीती कमी झाली. बाकीची तीनही दानं मुलापर्यंत पोचली ती या चौथ्यामुळे. गाडी नसती तर शिक्षिका रिकाम्या वर्गात बसली असती आणि जेवण थंड झालं असतं.

इथे माझ्या आक्काबद्दल लिहायला हवं. आजवर लिहिलं नव्हतं.

आक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. आमच्या घरात तिला कुणी कधी वाकडं बोललं नाही. आई तिच्या पायांना रोज तेल लावायची. आप्पा मिरजेला, मुंबईला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिला आवडतं म्हणून सणाला पहिली पुरणपोळी तिच्या ताटात. पण शाळेत ती एक दिवसही गेली नाही. "आपल्याला काय कमी आहे, घरीच राहील," असं सगळे म्हणायचे. मी रोज सकाळी दप्तर घेऊन तिच्यासमोरून जायचे आणि ती सोप्यातल्या खांबाला टेकून बसलेली असायची. संध्याकाळी माझं पुस्तक मांडीवर घेऊन ती एकेक अक्षर विचारायची. तशीच ती वाचायला शिकली. भक्तामर तिला ऐकून ऐकून पाठ होतं. पापडाच्या ऑर्डरींचा हिशेब ती तोंडी करायची आणि माझ्या कागदावरच्या बेरजेआधी तिचं उत्तर तयार असायचं.

आप्पा दानशूर होते. मी चौथीत असताना त्यांनी आमच्या शाळेला एक वर्गखोली बांधून दिली. दारावर आजोबांच्या नावाची फरशी बसवली. त्या खोलीला तीन पायऱ्या होत्या. घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर होती आणि आमच्याकडे बैलगाडी होती, गडीमाणसं होती. पण आक्काला उचलून त्या खोलीत नेऊन बसवावं, हे आप्पांच्या, आईच्या, गुरुजींच्या, माझ्या, कुणाच्याच मनात आलं नाही. कुणी वाईट नव्हतं. तिला आहारदान आणि औषधदान भरपूर मिळालं. गाडी तेवढी दाराशी कधी आली नाही.

आक्का जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली होती, "तू कॉलेजात कॉमर्स शिकलीस, ते मलाही आलं असतं गं." मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

पुन्हा लंडनकडे येते. शाळा सुरू झाली त्याच वर्षी, १८९९ मध्ये, तिथे कायदा झाला की स्थानिक शाळामंडळांनी अशा मुलांसाठी वर्ग काढावेत. पण शब्द होता 'काढू शकतील'. काढलेच पाहिजेत असं नव्हतं. लंडननं पुढे बरेच वर्ग काढले, बऱ्याच गावांनी काढले नाहीत. कारण तेच, आमच्या बैठकीतलं. एका अपंग मुलाच्या खर्चात साधी मुलं कितीतरी शिकतात.

याच काळात ग्रेस किमिन्स नावाची आणखी एक बाई लंडनच्या गरीब भागात काम करत होती. अपंग मुलांसाठी तिनं १८९४ साली एक मंडळ काढलं आणि १९०३ साली ससेक्समध्ये चेली इथे सात मुलांना घेऊन हस्तकलेची निवासी शाळा सुरू केली. चेलीला आजही अपंग मुलांची शाळा आहे. मुलांनी कुणावर अवलंबून राहू नये, हाताला काम असावं, हा तिचा आग्रह. पण तिच्या मंडळाचं नाव काय होतं, माहीत आहे? 'शूर बिचाऱ्यांचं मंडळ', अशा अर्थाचं. शूरही म्हणायचं आणि बिचारंही म्हणायचं. त्या वेळच्या कायद्यातही या मुलांसाठी 'सदोष' अशा अर्थाचा शब्द होता. काम मोठं होतं, पण नजर वरून खाली बघणारी होती. गरिबांच्या घरात जाऊन आईला स्वच्छतेचे धडे देणाऱ्या, तिच्या चुलीवर काय शिजतंय ते तपासणाऱ्या बायाही त्या काळच्या धर्मादाय कामात होत्याच. आपण वाढदिवसाला खाऊ वाटतो आणि फोटो काढताना त्या मुलांना "हसा रे" म्हणतो, तेव्हा आपलीही नजर फार वेगळी नसते.

मेरी वॉर्डही काही सर्वगुणसंपन्न नव्हती. बायकांना मताचा अधिकार मिळू नये म्हणून १९०८ साली जी संघटना उभी राहिली, तिच्या पुढाऱ्यांमध्ये ती होती. हे वाचून मी पुस्तक मिटूनच टाकलं होतं. पण तिच्या एका गोष्टीपुढे मान लवते. शाळा चालू झाली, नाव झालं, एवढ्यावर ती थांबली नाही. आपली गाडी किती मुलांना आणणार, हा हिशेब तिला कळत होता. म्हणून पहिलं महायुद्ध चालू असताना, वयाची पासष्टी उलटल्यावर, ती पुन्हा खासदारांना पत्रं लिहीत होती, अधिकाऱ्यांना भेटत होती. १९१८ च्या शिक्षण कायद्यात शेवटी ते कलम आलं. शरीरानं अधू असलेल्या मुलांच्या शिक्षणाची सोय करणं हे स्थानिक संस्थांचं बंधनकारक काम झालं. 'काढू शकतील'चं 'काढलेच पाहिजेत' व्हायला १९ वर्षं लागली. गंमत बघा, त्याच वर्षी तिथल्या तिशीपुढच्या बऱ्याच बायकांना मताचा अधिकारही मिळाला. १९२० साली मेरी वॉर्ड गेली.

तरीही सगळी मुलं आत आली नव्हती. ज्यांची बुद्धी फार मागे आहे अशा मुलांना 'शिकवण्याजोगी नाहीत' असा शिक्का मारून शाळेबाहेर ठेवलं जायचं. त्यांच्यासाठी लढा सुरू केला तो एका गृहिणीनं. तिचं नाव ज्युडी फ्राईड. तिची मुलगी अशीच होती. १९४६ साली तिनं बालसंगोपनाच्या एका मासिकाला पत्र पाठवलं की, माझ्यासारख्या आया असतील तर मला कळवा. पत्रांचा पाऊस पडला. त्यातून पालकांची संघटना उभी राहिली, तीच आजची 'मेनकॅप'. ही माणसं कुणाच्या घरी उपकार करायला जाणारी नव्हती. स्वतःच्या मुलासाठी भांडणारी होती. १९७० साली कायदा झाला आणि १९७१ च्या एप्रिलपासून इंग्लंडमध्ये एकाही मुलाला 'शिकवण्याजोगं नाही' म्हणून शाळेबाहेर ठेवता येईना. पुढे १९७८ साली मेरी वॉर्नॉक यांच्या समितीचा अहवाल आला आणि शक्य असेल तिथे या मुलांनी नेहमीच्या शाळेत सगळ्यांबरोबर शिकावं, हा विचार रुजला.

या कामाचा धागा आपल्या मुंबईपर्यंतही आला आहे. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. लंडनमध्ये अशा मुलांना कसं शिकवतात हे या आईनं पाहिलं आणि १९७२ साली मुंबईत 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' सुरू केली. पुढच्या वर्षी कुलाब्यात शाळा निघाली, ती तीन मुलांवर. मालिनी पुढे लंडनमध्ये शिकल्या आणि एका बोटानं टाइप करून त्यांनी स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं. आमची आक्का तेव्हा अठरा वर्षांची होती. मुंबई आम्हाला एका रात्रीच्या गाडीइतकी लांब. पण आम्हाला काही कळलं नाही, आणि कळलं असतं तरी आम्ही गेलो असतो का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

हा सगळा इतिहास वाचून मला एक गोष्ट पटली आहे. स्वयंसेवकांनी त्या मुलांना काय दिलं याची यादी मोठी आहे, पण त्यांचं खरं काम दोन ठिकाणी होतं. आधी जिना चढून मूल शोधणं आणि त्याला शाळेत आणून दाखवणं, की हे होऊ शकतं. आणि नंतर, जे आपण दान म्हणून दिलं ते त्या मुलाचा हक्क व्हावा म्हणून सरकारच्या मागे लागणं. पहिलं केलं नाही तर दुसऱ्याची कुणाला आठवणच होत नाही. दुसरं केलं नाही तर देणगीदार थकले की गाडी बंद पडते आणि मूल पुन्हा खिडकीशी जातं.

आपल्याकडे कायदा आता आहे. शिक्षणाचा हक्क आहे, २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांसाठी प्रवासभत्ता आणि मदतनीस भत्त्याची तरतूदही आहे. भांडीवाल्या मावशींना यातलं काही माहीत नाही. त्यांना प्रमाणपत्र कुठे मिळतं, अर्ज कुठे द्यायचा, हे कोण सांगणार?

म्हणून येत्या रविवारच्या बैठकीत मी तोंड उघडणार आहे. पहिलं, त्या मुलीच्या रिक्षाचे या वर्षाचे पैसे मंडळानं द्यावेत. दुसरं, तिचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि भत्त्याचा अर्ज मी स्वतः करीन. कागदपत्रांची मला भीती नाही, त्यासाठीच तर शिकले. भत्ता सुरू झाला की मंडळाचे पैसे दुसऱ्या मुलासाठी मोकळे. तिसरं, सुरुवातीला तिच्या आईला धीर यावा म्हणून रिक्षात रोज कुणीतरी सोबत बसावं. सोमवार आणि गुरुवार माझे. उरलेल्या चार दिवसांसाठी चौघी हव्यात.

निवासी शाळेचं जेवणही जरूर देऊ या, तेही पुण्याचंच काम आहे. फक्त या वेळी फलकावर नाव नको आणि फोटोही नको.

काल संध्याकाळी मावशींच्या घरी जाऊन आले. मुलगी दाराशी बसली होती. मांडीवर भावाचं चौथीचं पुस्तक होतं. तिनं मला एक शब्द विचारला, मी सांगितला. मग म्हणाली, "आजी, शाळेत पायऱ्या आहेत का?"

मी म्हटलं, "बघून सांगते." उद्या सकाळी तेच बघायला जाणार आहे.